जीभ बाहेर काढ, बाळा

काही महिन्यांपूर्वी एका वैद्यकीय परिसंवादात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी व्यासपीठावरून एक सूत्र मांडलं. मुलाच्या मानेत गाठ दिसली की पहिल्याच दिवशी कॉन्ट्रास्ट देऊन मानेचा सीटी स्कॅन काढून टाकायचा. कारणं तीन दिली. सीटीतून काही सुटत नाही. आजकालच्या मशीनचं रेडिएशन नगण्य असतं. आणि सोनोग्राफी ही करणाऱ्याच्या हातावर अवलंबून, तेव्हा तिच्या भरवशावर मुलाच्या गळ्याला सुरी लावता येत नाही. जाता जाता चौथंही सांगितलं: उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर सीटीची फिल्म दाखवता येते.

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या दोन निवासी डॉक्टरांनी ते सूत्र जसंच्या तसं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. ते लिहून घेताना पाहिलं आणि गप्प बसणं मला अशक्य झालं. मुलांच्या घशाच्या आणि मानेच्या शस्त्रक्रिया करत मला बावीस वर्षं झाली. हे सूत्र चुकीचं आहे, त्याच्या चारही कारणांसकट चुकीचं आहे, आणि त्याची किंमत मुलं मोजतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी एक मुलगा सांगते. परिसंवादाच्या आठवडाभर आधी तो माझ्या ओपीडीत आला होता. वय सात. आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत सीटीच्या फिल्मचं मोठं पाकीट, घड्या पडून कडा पांढऱ्या झालेलं. मुलाच्या गळ्यावर बरोबर मध्यभागी, हनुवटी आणि कंठ यांच्या मधोमध, तीन आडवे व्रण होते. सगळ्यात खालच्या व्रणातून मधासारखा चिकट थेंब बाहेर आला होता आणि शर्टाची कॉलर तिथे कडक झाली होती.

चौथ्या वर्षी तिथे गाठ आली, सुजली, लाल झाली. जवळच्या डॉक्टरांनी गळू म्हणून चिरा दिला. पू गेला, बरं वाटलं. आठ महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा चिरा. मग शहरातलं मोठं रुग्णालय. तिथे पहिल्याच दिवशी कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला. रिपोर्टात मध्यरेषेतली द्रवाने भरलेली गाठ, तिची तिन्ही मापं आणि चार शक्यता लिहिल्या होत्या. त्यानंतर भूल देऊन गाठ काढली. फक्त गाठ. पाच महिन्यांत ती पुन्हा भरली.

मी त्याला म्हटलं, "जीभ बाहेर काढ, बाळा." तो लाजला, आईकडे पाहू लागला. "काढ ना, डॉक्टरबाईंना दाखव," आई म्हणाली. त्याने जीभ काढली आणि व्रणाखालचा उंचवटा अर्धा-एक सेंटिमीटर वर सरकला. मी आईचं बोट तिथे ठेवलं आणि त्याला पुन्हा जीभ काढायला लावली. "सरकतंय की हे," ती म्हणाली. तीन वर्षांत, तीन वेळा सुरी लागूनही, हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

ती गाठ सरकते याला कारण आहे, आणि ते कारण कळलं की निम्मं ऑपरेशन कळतं. थायरॉइड ग्रंथी आपल्या गळ्यात खाली बसलेली असली तरी तिचा जन्म जिभेच्या मुळाशी होतो. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात ती तिथून निघते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास गळ्यातल्या आपल्या जागी पोचते. उतरताना मागे एक बारीक नळी राहते. ती पुढे आपोआप बुजून जायची असते. काही मुलांत ती बुजत नाही, तिच्यात द्रव साठतो आणि गाठ होते. या वाटेवर हायॉइड नावाचं घोड्याच्या नालेसारखं छोटं हाड आहे. नळी त्याला चिकटून, कधी त्याच्या मागे वळसा घालून, वर जिभेच्या स्नायूंत शिरते. जीभ बाहेर आली की नळी ओढली जाते, नळीबरोबर गाठ. मुलांच्या मानेच्या मध्यरेषेत जन्मजात कारणाने येणारी सगळ्यात नेहमीची गाठ हीच.

आता सर्जनने नुसती गाठ काढली तर काय होईल? नळी मागे राहील आणि गाठ परत येईल. नुसती गाठ काढलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास रुग्णांत ती परत येते. १८९३ मध्ये श्लांगे या जर्मन सर्जनने गाठीबरोबर हायॉइडचा मधला तुकडाही काढायला सुरुवात केली आणि हे प्रमाण बरंच खाली आलं. १९२० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर सिस्ट्रंक यांनी आणखी एक पाऊल टाकलं: गाठ, हाडाचा मधला तुकडा, आणि हाडाच्या वर जिभेच्या मुळापर्यंत स्नायूंचा एक गाभा, असं सगळं एकसंध काढायचं. नळी डोळ्यांना दिसो न दिसो, ती त्या गाभ्यात आलेली असते. या पद्धतीने गाठ परत येण्याचं प्रमाण शंभरात तीन ते पाचांवर आलं. शंभर वर्षं उलटली, मशीन बदलली, भूल बदलली, तरी या गाठीचं ऑपरेशन तेच आहे.

सात वर्षांच्या त्या मुलाच्या पाकिटात मानेचे कितीतरी काप होते. हायॉइड त्यांत स्वच्छ, पांढरंशुभ्र दिसत होतं. चित्र उत्तम होतं. चित्रावरून जे ऑपरेशन व्हायला हवं होतं ते झालं नाही, कारण गाठ कुठून आली हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून पहिल्या कारणाला माझं पहिलं उत्तर. सीटीतून काही सुटत नाही असं म्हणताना "काही" म्हणजे काय, ते आधी ठरवावं लागतं. या गाठीवर सुरी ठेवण्यापूर्वी सर्जनला एकच गोष्ट पक्की माहीत हवी: मुलाची थायरॉइड तिच्या जागी आहे का? शंभरात एखाद-दुसऱ्या मुलात अशी गाठ म्हणजे वाटेत अडकून राहिलेली थायरॉइडच असते, आणि त्या मुलाकडे दुसरी थायरॉइड नसते. गाठ समजून ती काढली तर ते मूल आयुष्यभर गोळ्यांवर जातं. हे कळायला गळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवायला लागतो. मूल आईच्या मांडीवर बसलेलं चालतं, सुई लागत नाही, भूल लागत नाही, आणि पाचेक मिनिटांत उत्तर मिळतं. गाठीत द्रव आहे की ती भरीव आहे हेही त्याच वेळी दिसतं.

सीटीतही थायरॉइड दिसते, हे मान्य. पण कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, आणि आयोडीन थायरॉइडचं खाद्य आहे. एकदा ते शरीरात गेलं की पुढचे काही आठवडे थायरॉइडचा आयसोटोप स्कॅन नीट येत नाही. गाठ म्हणजे जागा चुकलेली थायरॉइड असेल अशी शंका आली की नेमका हाच स्कॅन लागतो. म्हणजे घाईने काढलेला सीटी पुढच्या तपासणीचा रस्ता बंद करून जातो. शिवाय मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना असं कॉन्ट्रास्ट दिलं तर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइडचं काम तपासून घ्या अशी सूचना केली, कारण काही बाळांत ती मंदावलेली आढळली होती. व्यासपीठावर यातलं काही बोललं गेलं नाही.

आणखी काय काय सुटतं सीटीतून? आपल्याकडे मुलांच्या मानेत ज्या गाठी सर्वांत जास्त दिसतात त्या लसिकाग्रंथींच्या. घसा, दात, टाळू, केसांतले फोड यांच्या संसर्गाने सुजलेल्या. त्यांतल्या काही क्षयाच्या निघतात. आपल्या आजीच्या भाषेत गंडमाळ. सीटीत गाठींची जुडी दिसेल, मधोमध सडलेला भाग दिसेल, रेडिऑलॉजिस्ट "क्षयाची शक्यता" असंही लिहील. पण जंतू कुठला, आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध त्याच्यावर चालतं की नाही, हे चित्र सांगत नाही. ते बारीक सुईने काढलेला थेंब सांगतो, सीबीनॅट मशीनमध्ये घातला की साधारण दोन तासांत, आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात फुकट. सुई कुठे टोचायची हे दाखवायला सोनोग्राफी पुरते. इथेही चुकीची पहिली चीर मुलाला महागात पडते. क्षयाच्या थंड गळवाला सरळ चिरा दिला की जखम भरत नाही, महिनोन्‌महिने वाहत राहते. अशी वाहती मान घेऊन आलेली मुलं मी मोजायचं सोडून दिलं आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. मानेच्या डाव्या बाजूला, थायरॉइडजवळ, पुन्हा पुन्हा गळू होणारं मूल. दर वेळी चिरा, दर वेळी अँटिबायोटिक, दर वेळी सीटी. सीटीत सूज आणि पू दिसतो, आणि तो आहे हे बोटालाही कळलेलं असतं. मूळ कारण असतं घशात, अन्ननलिकेच्या तोंडाशी, पायरिफॉर्म सायनस नावाच्या खोबणीत उघडणारं एक जन्मजात भोक. सूज असताना ते मिटलेलं असतं, म्हणून स्कॅनमध्ये बहुधा सापडत नाही. सूज उतरल्यावर, पाच-सहा आठवड्यांनी, मुलाला बेरियम पाजून एक्स-रे काढला, किंवा भूल देऊन दुर्बिणीने त्या खोबणीत पाहिलं, तर ते दिसतं. ते भोक आतूनच डागून बंद करता येतं आणि पुष्कळ मुलांत मानेवर सुरी लावावीच लागत नाही. डाव्या बाजूचं, पुन्हा पुन्हा होणारं गळू, एवढे शब्द ज्याच्या डोक्यात घंटा वाजवतात त्यालाच हे सापडतं.

आणि जन्मजात लसिकावाहिन्यांची गाठ, जिला आपण अजून सिस्टिक हायग्रोमा म्हणतो, तिच्यातले पातळ पडदे सोनोग्राफीत सीटीपेक्षा स्पष्ट दिसतात. कप्पे मोठे असतील तर आज सुरीऐवजी सोनोग्राफीत बघत बघत कप्प्यात औषध सोडतात. १९८० च्या दशकात जपानमध्ये ओगिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओके-४३२ या औषधाने हे दाखवून दिलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्लिओमायसिन वापरतात. गाठ जिभेत, घशात किंवा छातीत किती खोल गेली हे पाहायला एमआरआय लागतो. यात सीटीची जागा फारच थोडी आहे.

आता रेडिएशन. "नगण्य" हा शब्द मला मान्य नाही, आणि "भयंकर" हाही नाही. जे माहीत आहे ते सांगते. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. बालपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या सुमारे १ लाख ७८ हजार जणांचा माग त्यात काढला होता. दहा वर्षांच्या आतल्या मुलांत डोक्याचे १०,००० सीटी झाले तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताचा एक आणि मेंदूचा एक असे दोन जादा कर्करोग होतात, असा त्यांचा अंदाज होता. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या जवळपास साडेनऊ लाख तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या सरासरी मात्रेने १०,००० मुलांचे सीटी केले तर पुढच्या बारा वर्षांत एक ते दोन मुलांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होईल, असा त्याचा निष्कर्ष. हा आकडा लहान आहे. ज्या मुलाला सीटीची गरज आहे त्याच्या आईबापांना मी हाच आकडा सांगते आणि सीटी करायला लावते. पण ज्या मुलाला त्या सीटीतून काहीच मिळणार नाही, त्याच्या वाट्याला फक्त धोका येतो. मानेच्या सीटीत थायरॉइड थेट किरणांच्या वाटेत असते, आणि लहान मुलांची थायरॉइड किरणांना फार हळवी असते. चेर्नोबिलनंतर हे जगाने पाहिलं. तिथे कारण वेगळं होतं, दुधातून पोटात गेलेलं किरणोत्सारी आयोडीन, आणि मात्रा कितीतरी मोठी. पण कोणत्या वयाची थायरॉइड सगळ्यात जास्त सोसते, ते तिथे कळलं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मुलांच्या मानेचीच आहे. छातीच्या हाडामागे, मानेच्या तळाशी, थायमस नावाची ग्रंथी असते. तान्ह्या बाळात ती मोठीच असते. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं, कारण शवविच्छेदनाला जी शरीरं यायची ती बहुतांशी गरिबांची, उपासमारीने आणि दीर्घ आजाराने खंगून गेलेल्यांची. खंगलेल्या शरीरात थायमस आकसते. ती आकसलेली ग्रंथी पाहून डॉक्टरांनी तोच नॉर्मल आकार धरला. मग एखादं धष्टपुष्ट बाळ झोपेत अचानक गेलं आणि त्याची थायमस मोठी दिसली, की तिने श्वासनळी दाबली असा निष्कर्ष निघायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक्स-रे आले. एक्स-रेत बाळांची थायमस "मोठी" दिसू लागली. आणि ती आकसावी म्हणून हजारो निरोगी बाळांच्या मानेवर-छातीवर किरणांचा मारा करण्यात आला, काही ठिकाणी तर पुढचा धोका टाळायचा म्हणून. १९५० मध्ये न्यू यॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांचे जुने कागद तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना तान्हेपणी हे किरण दिलेले निघाले.

त्या डॉक्टरांचं मशीन बरोबर होतं. एक्स-रेत दिसत होतं ते खरंच तिथे होतं. त्यांना नॉर्मल काय हे माहीत नव्हतं, आणि काही सुटू नये या धास्तीने त्यांनी निरोगी मुलांवर उपचार केले. आजची सीटीची मात्रा त्या काळच्या माऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मला माहीत आहे. मी दोन्ही एका तराजूत घालत नाही. पण "काही सुटू नये" ही धास्ती तीच आहे. निरोगी मुलाच्या मानेचा सीटी काढला की चार-दोन लसिकाग्रंथी दिसणारच. प्रत्येक मुलाच्या मानेत त्या असतात. मग "अनेक वाढलेल्या ग्रंथी, पाठपुरावा करावा" असं वाक्य रिपोर्टात येतं आणि सहा महिन्यांनी दुसरा सीटी.

सीटी कधीच नको असं मी म्हणत नाही. मध्यरात्री तीन वर्षांचं मूल आलं, ताप, मान एका बाजूला कलती, लाळ गळतेय, घशात घरघर, तोंड पूर्ण उघडत नाही. घशामागे खोल पू असावा असं वाटलं, तर श्वास सुरक्षित करून कॉन्ट्रास्ट सीटी मी स्वतः मागते, कारण तिथे सोनोग्राफी पोचत नाही आणि पू मोठ्या रक्तवाहिन्यांच्या किती जवळ आहे हे मला जाणून घ्यायचं असतं. कॉक्लियर इम्प्लांटआधी कानाच्या हाडाचा बारीक सीटी लागतोच. नाकाच्या मध्यरेषेत जन्मजात गाठ असेल तर ती मेंदूशी जोडलेली असू शकते. तिथे एमआरआयशिवाय सुई टोचणं हाच गुन्हा. किशोरवयीन मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येत असेल आणि मागे लालसर मांस दिसत असेल, तर तुकडा काढायला जाऊ नका, आधी कॉन्ट्रास्ट देऊन स्कॅन करा. ती रक्ताने भरलेली गाठ असू शकते. या सगळ्या ठिकाणी सर्जनच्या डोक्यात एक नेमका प्रश्न असतो आणि स्कॅन त्याचं उत्तर देतो.

एमआरआयला रेडिएशन नसतं, म्हणून काही पालक तोच आधी मागतात. पण त्यासाठी अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावं लागतं आणि पाच वर्षांखालचं मूल भुलेशिवाय तसं बहुधा राहत नाही. काही तान्ह्या बाळांना दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, झोपेतच स्कॅन करता येतो. त्यासाठी वेळ आणि सोशिक तंत्रज्ञ लागतो.

तिसरं कारण, सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, हे खरं आहे. मग हात तयार करायचे की हात लागत नाही असं मशीन शोधायचं? मुलाची मान सोनोग्राफीसाठी जणू घडवलेलीच असते. कातडी पातळ, चरबी कमी, सगळं वरवर. साडेसात ते पंधरा मेगाहर्ट्‌झचा सपाट प्रोब लावला की काही मिलिमीटरची ग्रंथीही तिच्या मधल्या रक्तवाहिनीसकट दिसते. माझ्याबरोबर काम करणारे रेडिऑलॉजिस्ट आधी जेल हातावर चोळून कोमट करतात, मुलाला आईच्या मांडीवर उताणं घेतात, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवतात आणि मग प्रोब ठेवतात. मूल रडलं तर थांबतात. "गिळ बघू," म्हणतात, आणि पडद्यावर गाठ वर सरकताना मला दाखवतात. गाठ हलताना पाहणं हे सीटीला जमत नाही; त्याच्या कापात मूल गोठलेलं असतं. सीटीही कुणाच्या तरी डोळ्यांवर अवलंबून असतोच. त्या मुलाचा रिपोर्ट चार शक्यता लिहून थांबला, तो कुणाच्या डोळ्यांनी?

परिसंवादात मधल्या सुट्टीत एक जण म्हणाले, सोनोग्राफी म्हटली की पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा व्याप. हा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये अधिक कडक झालेला, आणि महाराष्ट्राला त्याची गरज का पडली हे मुलींचे आकडे पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्यात सूट मागणारी मी शेवटची असेन. मशीन नोंदणी केलेल्या जागेतच राहिलं पाहिजे, तर ठीक. मुलाला त्या खोलीत न्यायचं. बहुतेक रुग्णालयांत ती खोली वॉर्डापासून चाळीस-पन्नास पावलांवर असते. आणि फॉर्म एफ गरोदर बाईच्या तपासणीचा असतो. सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यासाठी तो भरावा लागत नाही. या कारणाने कुणी मुलाला सीटीकडे वळवत असेल, तर तो कायद्याच्या माथी आपला आळस मारतो आहे.

राहिलं कोर्ट. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक कायदा लागू केला, तेव्हापासून ही भीती खरीच आहे. मलाही नोटीस आली होती एकदा. ती मिळाल्यापासून निकाल लागेपर्यंत झोप उडते, हे मी जाणते. पण कोर्ट विचारतं ते एवढंच, की समंजस डॉक्टरने घ्यावी ती काळजी घेतली का. केसपेपरवर "जीभ काढल्यावर गाठ वर सरकते, सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर, दोन्ही खंड नॉर्मल" एवढ्या दोन ओळी वेळ आणि सहीसकट असतील तर तो पुरावाच आहे. आणि समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की संमती घेताना धोके आणि पर्याय रुग्णाला सांगितले पाहिजेत. सीटीच्या संमतिपत्रावर किरणांचा धोका आणि सोनोग्राफीचा पर्याय लिहिलेला मी क्वचितच पाहिला आहे. मग कोण जास्त उघडं पडतं? सगळ्यांचाच स्कॅन काढणं हे सुरक्षित असतं, या समजाची एकदा रीतसर परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतल्या २५ इमर्जन्सी विभागांत डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून, कोणत्या मुलांना सीटी न करता सोडता येतं याचे साधे निकष २००९ मध्ये पीकार्न गटाने दिले. ते हाताने आणि डोळ्यांनी तपासायचे निकष आहेत: शुद्ध, उलटी, कवटी मोडल्याची खूण, पडण्याची उंची, आईला मूल नेहमीसारखं वाटतं का.

पाचवं कारण व्यासपीठावर कुणी बोललं नाही, ते मी बोलते. सीटीचा खर्च सोनोग्राफीच्या कितीतरी पट असतो आणि पाठवणाऱ्याला त्यातला वाटा मिळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांच्याच तोंडून हे पुस्तकात मांडून बरीच वर्षं झाली. ज्यांना मी उत्तर देते आहे ते सहकारी असा वाटा घेत नाहीत, याची मला खात्री आहे. पण त्यांच्यासारख्या स्वच्छ माणसाने हे सूत्र उच्चारलं की वाटा घेणाऱ्यांना शास्त्राचा आधार मिळतो, याची त्यांनी काळजी करावी.

त्या सात वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन झालं. तीन वेळा सुरी लागलेल्या गळ्यात सगळे पदर एकमेकांना चिकटलेले होते. एरवी तासाभरात होणाऱ्या कामाला अडीच तास लागले. हायॉइडचा मधला तुकडा, साधारण चवळीच्या शेंगेच्या पेराएवढा, आणि त्याच्या वरचा स्नायूंचा गाभा मी काढला. आधी संसर्ग आणि चिरे झालेल्या मुलांत गाठ परत येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून मी आईला शब्द दिलेला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला ये, एवढं सांगितलं आहे.

पहिल्या फेरीला ती धाकट्या मुलीला घेऊन आली. पाच वर्षांची, दोन वेण्या, मानेच्या मागे दोन्ही बाजूंना हरभऱ्याएवढ्या गाठी. आईचा चेहरा उतरलेला. पदराच्या गाठीत पैसे बांधून आणले होते. "हिचाही फोटो काढायचा का?" मी मुलीच्या वेण्या सोडल्या आणि केस बोटांनी बाजूला केले. टाळूवर खाजवून झालेल्या खपल्या होत्या आणि केसांच्या मुळाशी लिखा. ताप नाही, वजन चांगलं, गाठी मऊ, बोटाखाली हलणाऱ्या, पोटात काही लागत नाही. उवांचं औषध लिहून दिलं, कसं लावायचं ते दाखवलं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा म्हटलं, आणि तीन आठवड्यांनी गाठी पुन्हा हाताने पाहायला बोलावलं.

"फोटो नको?" आईने पुन्हा विचारलं.

"नको," मी म्हटलं. तिने पदराची गाठ परत घट्ट केली.